जिंकलेल्या हाताचं ऑडिट

सरकारी लेखापरीक्षण खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कसली उणीव भासत असेल, तर ती दुसऱ्यांच्या चुकांची. पेन्शन वेळेवर जमा होते, दूधवाला वेळेवर येतो, पण आक्षेप घ्यायला समोर फाइल नसते. घरात आक्षेप घेण्याचे सर्वाधिकार लग्नाच्या दिवसापासून दुसऱ्या पक्षाकडे आहेत. कॉलनीच्या रहवासी संघाचे हिशेब बघायला मागावेत, तर खजिनदार दुसऱ्या दिवसापासून आपल्याला पाहून गल्ली बदलतो. उरतं कोण? आपण स्वतः. स्वतःच्या चुका तपासल्या तर कोणी रागावत नाही, कोणी बदलीची धमकी देत नाही, आणि माल मुबलक असतो. हा विचार पक्का झाला आणि मध्यंतरी सोडून दिलेल्या ऑनलाइन पोकरच्या स्पर्धांकडे मी पुन्हा वळलो.

वळलो म्हणजे फार लांब गेलो नाही. कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि मुलाने नवा घेतल्यावर वारसाहक्काने उलट दिशेने माझ्याकडे आलेला त्याचा जुना टॅब, एवढीच सामग्री. भोपाळच्या मराठी नोकरदाराचा जीवनक्रम बहुधा ठरलेला असतो. ग्वाल्हेर, इंदूर, धार किंवा देवासहून नोकरीसाठी राजधानीत यायचं, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात मुलं मोठी होईपर्यंत राहायचं, मनात अरेरा कॉलनी ठेवायची आणि खिशाकडे बघून कोलार रोडला घर घ्यायचं. त्यामुळे संध्याकाळी ललिता नगरपासून दानिश कुंजाकडे फिरायला निघालं, की ‘काय, कसं काय?’ आणि ‘और भाईसाहब, सब बढ़िया?’ या दोन्हींची उत्तरं तोंडात तयार ठेवावी लागतात.

या घरांना पत्ते परके नाहीत. मेंढीकोट, झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन यांवर आमची पिढी वाढली. पैसे लावायचे नाहीत, एवढाच आजोबांचा नियम होता. भांडायचं नाही असा नियम करायचं धाडस त्यांनाही झालं नाही. पोकर मात्र घरात आलं ते २०२० च्या लॉकडाउनमध्ये. पुण्याहून लॅपटॉपसकट घरी आलेल्या मुलाने एका रात्री जेवणं झाल्यावर शिकवलं. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी. त्यात आधी तीन, मग एक, मग आणखी एक. सातांतली उत्तम पाच निवडायची आणि दर टप्प्याला चाल करायची, नाहीतर पॅक. हे सगळं ऐकून घेऊन सौ. म्हणाली, “म्हणजे तीन पत्तीच, पण शिकलेली.” याहून नेमकी व्याख्या मला अद्याप कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

तेव्हा अकरा रुपये भरून स्पर्धेत उतरता यायचं. अकरा रुपयांत शेकडो अनोळखी माणसांशी तासभर वैर धरता येतं, हा भाव मला वाजवी वाटला होता. मग सरकारचं लक्ष गेलं. १ एप्रिल २०२३ पासून, आधीची दहा हजारांची मर्यादा काढून टाकून, निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. म्हणजे हरायला बसण्याआधी एक कर, आणि चुकून जिंकलात तर दुसरा. अकरा रुपयांवर दोन करांचा पहारा पाहून माझ्यातला निवृत्त कर्मचारी गहिवरला आणि खेळाडू उठून गेला.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदाच केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. रमीत मुख्यतः कौशल्य लागतं असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटलं होतं, आणि पत्तेवाल्यांचे वकील तेव्हापासून त्याच एका हुकुमावर डाव खेळत आले होते. संसदेने एका वाक्यात कौशल्य आणि नशीब दोघांनाही पॅक करायला लावलं. कंपन्यांनी पैशाचे डाव लगोलग बंद केले. त्यानंतर बरोबर महिन्याने, २२ सप्टेंबरपासून, याच खेळांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. कुलूप लागलेल्या दुकानातल्या मालावर कर वाढवायचा, या हातोटीवर मी नोकरीत असतो तर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला असता.

कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही आणि पैसे न लावता खेळायला त्याची हरकत नाही. म्हणून मी परतलो ते फुकट चिप्सच्या स्पर्धांत. सकाळी ॲप उघडलं की ते हजारो चिप्स हातावर ठेवतं. हरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवतं. इतका उदार सावकार मी सरकारी योजनांतही पाहिला नाही.

खेळ सोडून परत येण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि तिच्यात दोन घराणी आहेत. एक युधिष्ठिराचं. सर्वस्व हरला, धृतराष्ट्राने सगळं परत दिलं, आणि घरी जाताना वाटेतच पुन्हा बोलावणं आलं तसा हा मुकाट परत जाऊन बसला. मधल्या वेळात तपासणी शून्य. समोर तोच शकुनी, तेच फासे, तोच निकाल. दुसरं घराणं नळराजाचं. तोही राज्य हरला, पण परत बसण्याआधी त्याने शिकवणी लावली. ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे रथ हाकत असताना राजाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून आकडा सांगितला. नळाने रथ थांबवला आणि फळं स्वतः मोजून आकडा ताडून पाहिला. प्रत्यक्ष पडताळणीचं याहून जुनं उदाहरण आमच्या खात्याच्या नियमपुस्तकातही नसेल. मग त्याच राजाकडून त्याने अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकून घेतलं आणि पुष्कराला हरवून राज्य परत मिळवलं. युधिष्ठिरानेही ही विद्या पुढे बृहदश्व ऋषींकडून घेतली, पण तोवर वनवास लागू झालेला होता. नळ विदर्भाचा जावई, आमची सौ. अमरावतीची, म्हणजे मीही विदर्भाचा जावई. घराणं निवडायला मला वेळ लागला नाही.

आता फुकट चिप्सच्या टेबलावरच्या मंडळींविषयी. पहिलं पान वाटलं जातं न जातं तोच निम्मं टेबल सगळ्या चिप्स मधोमध ढकलतं. याला ‘ऑल-इन’ म्हणतात. हरलं तर काही जात नाही आणि जिंकलं तर पराक्रम. हातात वेगवेगळ्या रंगांची दुर्री-सत्ती, म्हणजे या खेळातली सगळ्यात दरिद्री पानं असली, तरी ढकलतात. अशा वेळी तुम्हाला एक्क्यांची जोडी आली तर? ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. वाट्टेल ती पानं घेतलेल्या एका माणसाविरुद्ध ती शंभरांत सुमारे ८५ वेळा जिंकते. पण तसे पाच जण एकदम अंगावर आले, तर तीच जोडी निम्म्याच्या आसपास वेळाच वाचते. पाच बेफिकीर माणसं एकत्र आली की एका शहाण्याचं शहाणपण निम्मं होतं, हे गणित शाळेत शिकवत नाहीत. ते रहवासी संघाच्या बैठकीत कळतं.

काही जण ‘बघायचंच आहे’ या एकाच तत्त्वावर खेळतात. समोरच्याकडे काय आहे हे कळावं म्हणून ते सर्व संपत्ती देऊन टाकतात आणि कळल्यावर समाधानाने निघून जातात. काही जण पॅक करतात आणि मग सगळ्यांना कळवतात की आपल्याकडे नेमकं तेच पान होतं. थापा मारणारे तर असंख्य. पण कोलार रोडवर राहिलेल्या माणसाला पोकरमधली थाप ओळखणं जड जात नाही, कारण तो प्लॉटच्या दलालांत वाढलेला असतो. ‘दोन पार्ट्या आणखी आहेत, संध्याकाळपर्यंत टोकन देतायत’ ही चाल आम्ही वर्षानुवर्षं पाहिली आहे. केरवा-कलियासोतच्या जंगलात वाघ आहेत हे खरं. पण दलाल प्लॉट विकत असेल तेव्हा ते ‘बहुत दूर’ असतात, आणि तोच दलाल फार्महाउस विकत असेल तेव्हा ते बाल्कनीतून ‘कभी-कभी दिख जाते हैं’.

स्पर्धेचा सगळ्यात गंभीर काळ म्हणजे ‘बबल’. समजा पहिल्या पंधरांना बक्षीस आहे आणि टेबलांवर सोळा उरले आहेत. आता कोणीही हलत नाही. मघाशी दुर्री-सत्तीवर राज्य उधळणारे वीर राजा-राणी टाकून देतात. मी असाच श्वास रोखून बसलेलो असताना आतून हाक आली, “अहो, गॅसवर दूध आहे, तेवढं बघा.” मी हात वर करून थांबण्याची खूण केली. ही खूण दुधाला कळत नाही. पंधरावा आलो. बक्षीस म्हणून ज्या चिप्स मिळाल्या, तेवढ्या ॲप रोज सकाळी तसंही देतं. दुधाचे पैसे मात्र खरे होते.

पण या सगळ्यापेक्षा मला रस आहे तो स्पर्धा संपल्यावरच्या कामात. प्रत्येक डावाची नोंद टॅबमध्ये राहते. कोणी कुठे किती भरले, कोणाकडे काय निघालं, सगळं. जुन्या भोपाळात पटिये आहेत, दुकानांसमोरच्या दगडी फळ्या. त्यांवर रात्री उशिरापर्यंत गप्पांच्या आणि बुद्धिबळाच्या मैफली रंगायच्या. डाव संपला की खरा डाव सुरू व्हायचा, कारण बघ्यांपैकी प्रत्येकाला जिंकणारी चाल आधीच दिसलेली असे. तिथे कसलीच नोंद नसे, म्हणून हरलेल्याने सांगितलेली हकिकत हीच अधिकृत. टॅबने ही सोय काढून घेतली आहे. मी रूळ आखलेली वही आणली आणि रकाने पाडले: डाव, निर्णय, आक्षेप, खुलासा, शेरा. आक्षेप घेणारा मी, खुलासा देणारा मी आणि शेरा मारणाराही मीच. लोकशाहीत अशी रचना चालत नाही, पण बाल्कनीत चालते. नमुन्यादाखल काही नोंदी देतो.

आक्षेप: शेवटचं पान उघडायचं बाकी. टेबलावर ३०० चिप्स असताना १०० भरून ते पान बघितलं. म्हणजे ४०० साठी १००. जिंकण्याची शक्यता निदान २५ टक्के हवी. बदामांचा फ्लश, म्हणजे पाच बदाम, पुरा व्हायला उरलेले बदाम नऊ, न दिसलेली पानं ४६. शक्यता २० टक्क्यांच्याही किंचित खाली. सबब अनियमित खर्च. खुलासा: बदाम येणार असं आतून वाटत होतं. शेरा: आतून वाटल्याचा कागद जोडलेला नाही.

आक्षेप: सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी असताना नश्शी-सत्तीवर मोठी चाल. खुलासा: बराच वेळ चांगली पानं आली नव्हती. शेरा: निधी दीर्घकाळ पडून होता, हे खर्चाचं कारण होऊ शकत नाही. अपवाद मार्चअखेरचा.

आक्षेप: समोरच्याची चाल खरी असल्याचं दिसत असूनही तिप्पट वाढवून उत्तर. खुलासा: त्याने आधीच्या डावात हसरा इमोजी पाठवला होता. शेरा: खुलासा मान्य.

मुलाला फोनवर या वहीतले उतारे वाचून दाखवले. तो म्हणाला, “बाबा, लोक आता हे कॉम्प्युटरकडून तपासून घेतात.” हे खरं आहे. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचे टुओमास सँडहोम आणि त्यांचे विद्यार्थी नोम ब्राउन यांनी, फेसबुकच्या संशोधन विभागाला सोबत घेऊन, ‘प्लुरिबस’ नावाचा प्रोग्राम सहा जणांच्या टेबलावर बसवला आणि त्याने नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. माणसांचे डाव त्याला अभ्यासायला दिलेच नव्हते. तो स्वतःच्याच नकलांशी खेळायचा आणि डाव झाला की मागे जाऊन बघायचा: इथे पॅक केलं असतं तर काय? तिथे वाढवलं असतं तर काय? न घेतलेल्या पर्यायाचा पश्चात्ताप किती, हे तो आकड्यात मांडायचा आणि ज्याचा पश्चात्ताप जास्त त्याला पुढच्या वेळी जास्त संधी द्यायचा. थोडक्यात, यंत्राला पश्चात्ताप शिकवला आणि त्याने माणसाला हरवलं. माणसाला पश्चात्ताप शिकवावा लागत नाही, तो जन्मजात असतो. फक्त तो दुसऱ्याच्या वागण्याचा असतो.

यात माझ्या वहीला अडचणीत आणणारी एक बाब होती. प्लुरिबस जिंकलेल्या डावांतही मागे जाऊन बघायचा. माझी वही चाळली तर तिच्यात जिंकलेला डाव एकही नव्हता. जिंकलेला डाव तपासायचा कशाला? तो तर जिंकला!

हे मला पटायला नको होतं, कारण खात्यात आम्ही याच्या उलट वागायचो. पूल उत्तम बांधला, गावकरी खूश, मंत्र्यांनी फीत कापली. तरी निविदा न काढता काम दिलं असेल तर आक्षेप तो आक्षेपच. ‘पण साहेब, पूल पडला कुठे?’ हा खुलासा आम्ही कधी मान्य केला नाही. काम नीट झालं, म्हणजे ते देण्याचा निर्णय नीट होता, असं होत नाही. पूर्वी पोकर खेळणाऱ्या ॲनी ड्यूक यांनी ‘थिंकिंग इन बेट्स’ या २०१८ च्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे: निकाल बघून निर्णयाला मार्क देण्याची माणसाला खोड असते. आमच्या खात्यात ही खोड ठेवायला परवानगी नव्हती. पुस्तक मात्र कोणी लिहिलं नाही. तेव्हा मी जिंकलेले डाव उघडले. ज्या डावाची कथा नातेवाइकांत गाजवली होती, त्यात राणी-तिर्री घेऊन सगळ्या चिप्स ढकललेल्या निघाल्या आणि शेवटच्या पानावर तिर्री उतरलेली निघाली. कथेत मी या चालीला ‘समोरच्याचं मन वाचणं’ म्हटलं होतं. वहीत ती ‘विनामंजुरी खर्च, योगायोगाने वसुली’ या सदरात गेली.

पोकर बघणाऱ्या जगाने हे ऑडिट कधीच केलं नाही. २००३ मध्ये टेनेसीचा एक हिशेबनीस, नाव ख्रिस मनीमेकर आणि हे त्याचं खरं आडनाव, इंटरनेटवरच्या ८६ डॉलरच्या स्पर्धेतून दहा हजार डॉलरच्या स्पर्धेतली जागा मिळवून लास वेगासला गेला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन आला. जगभरचे कारकून त्यानंतर टॅब उघडून बसले. त्याचा निकाल सगळ्यांनी पाहिला. उरलेल्या ८३८ जणांची वही कोणी मागितली नाही.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या कॉलनीत एक सद्‌गृहस्थ आहेत. इथे शेतं होती आणि अंधार पडल्यावर यायला रिक्षावाले नाही म्हणत, तेव्हा त्यांनी प्लॉट घेतला. आता कोलार गेस्ट हाउसपासून गोल जोडपर्यंत सुमारे १५ किलोमीटरचा सहा पदरी रस्ता झाला आहे आणि हे रोज संध्याकाळी कठड्यावर बसून सांगतात, “भाईसाहब, विज़न चाहिए, विज़न!” त्यांच्या मिसेसनी आमच्या सौ.ला सांगितलेली आवृत्ती वेगळी आहे. त्यांना अरेरा कॉलनीत घ्यायचं होतं, पैसे कमी पडले, मेव्हण्याशी भांडण झालं आणि रागाने जो पहिला कागद पुढे आला त्यावर सही केली. त्यांच्या शेजारच्या प्लॉटवाल्याने मात्र रस्ता व्हायच्या आधीच प्लॉट विकला. मुलीचं मेडिकलचं शिक्षण होतं, कर्ज काढायचं नव्हतं. मुलगी डॉक्टर झाली. कठड्यावरची मंडळी आजही त्याला ‘बेचारा’ म्हणतात. माझ्या वहीप्रमाणे आक्षेप कोणावर येतो ते उघड आहे, पण ती वही कठड्यावर न्यायची माझी हिंमत नाही. माझा फ्लॅटही त्याच रस्त्यावर आहे आणि भाव वाढल्याचं श्रेय मीही पाहुण्यांसमोर घेतो.

तेव्हा वाचकहो, पत्ते खेळा किंवा खेळू नका. ऑनलाइन पैसे लावून तर खेळूच नका, कायदा आहे. पण वर्षातून एकदा, आयकराचं विवरणपत्र भरून झालं की, आपला एखादा जिंकलेला हात काढून तपासायला घ्या. नोकरी, घर, तेजीत विकलेले शेअर, मुलाला नेमक्या शाखेत घातल्याचं यश, काहीही चालेल. लग्नाचा हात मात्र एकट्याने उघडू नये. ते खातं संयुक्त असतं. त्या वेळी आपल्याला काय माहीत होतं आणि नंतर काय नशिबाने आलं, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब निघाला तर घाबरू नका, बहुतेकांचा तसाच निघतो. फक्त पुढच्या वेळी कठड्यावर बसून ‘विज़न’ सांगताना आवाज थोडा कमी ठेवा. हरलेल्या हातांची चिंता करू नका. ते तपासायला नातेवाईक आहेत.